तीन चौरस मीटर

ब्रेमेनच्या कोर्टात मी दुभाषी.
दोरिनला त्याच्या देशात परत पाठवायचं की नाही,
तिकडच्या तुरुंगात माणसाला जागा किती,
एवढाच वाद.

टीत्येनबाईंनी निकाल थांबवून
लक्झेम्बर्गला विचारलं.
लक्झेम्बर्गने स्ट्रासबुर्गचे जुने निवाडे उघडले.
चौदा महिन्यांनी उत्तर आलं:
तीन चौरस मीटर, माणशी.
खाट धरून.
संडास सोडून.
बाकीचं तुमचं तुम्ही तपासा.

म्हणजे कागद फिरून फिरून
बाईंच्याच टेबलावर.

परवा जिन्यात त्या सहज बोलून गेल्या:
रात्री स्वयंपाकघरात खडूने आखलं,
आत उभी राहिले.
नवऱ्याने विचारलं, आता जेवायचं कुठे?

आज दोरिनला सगळं त्याच्या भाषेत सांगितलं.
तीन न्यायालयं. सनदेचं कलम चार,
कराराचं कलम तीन.
जिभेला कोरड पडली माझ्या.
तो बोटांवर काहीतरी मोजत होता.
मग म्हणाला,
"आणि खिडकी? ती धरून, की सोडून?"

मी जर्मनमध्ये सांगितलं,
शक्य तितक्या सपाट आवाजात.

बाई कारकुनाला म्हणाल्या, लिहून घ्या.
कुठल्या कोर्टाला विचारायचं
ते नंतर बघू.