चार घावांची जमीन

हातोडा साडेत्रेसष्ट किलोचा.
पाऊण मीटर वर जातो, सुटतो, आदळतो.
नेवझात मोठ्यानं मोजतो: बिर, इकी, ऊच, द्योर्त.
चार घावांत नळी फूटभर आत.
इंजिनिअरबाई वहीत चार लिहितात
आणि पेन जरा जास्तच वेळ टेकवून ठेवतात.

आदापाझारीत हातभर खणलं की पाणी.
साकार्या नदीनं टाकून दिलेली वाळू,
तिच्यावर बीट पिकलं, भोपळे पिकले,
मग आम्ही पाच-पाच मजले पिकवले.

पायाखालची वाळू सरकते, म्हणतात.
खोटं.
ती सरकत नाही, ती पाणी होते,
आणि पाण्याला पाय माहीत नसतात.

बाबा सांगतात, त्या ऑगस्टात, पहाटे तीनला
आमची इमारत पडली नाही.
बसली.
गुडघ्यावर हात ठेवून म्हातारी बसते तशी, एका अंगावर कलत.
एक काच फुटली नाही.
पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून बाबांनी पाय टाकला
तो थेट रस्त्यावर.
अंगणात राखाडी वाळूची वारुळं उकळत होती.
तळमजल्यावर मुनेव्वेरकाकू राहायच्या.
बाबा इथं नेहमी थांबतात,
चहाच्या पेल्याला हात लावून बघतात, निवला का.

आता इथं शाळा व्हायची आहे.
क्रेनला लटकलेलं लांबडं लोखंड
थरथरत जमिनीत उतरतं, नऊ मीटर,
आणि त्याच्या वाटेनं आम्ही खडी ओततो.
लिव्हर माझ्या हातात.
रात्री जेवताना चमचा थरथरत राहतो.

आई बुलगुरचा डबा ओट्यावर आपटून आपटून भरायची;
दाणे खाली बसायचे, वर अजून दोन मुठी मावायच्या.
तेवढंच आहे हे काम.
कण सैल उभे असतात, मधे पाणी.
हादरा बसला की एकमेकांचा हात सोडतात,
सगळा भार पाण्यावर येतो,
आणि पाणी कुणाचं घर किती वेळ पेलणार?
म्हणून आपणच हलवायचं आधी,
दिवसाढवळ्या, माणसं जागी असताना,
भूकंपाचं देणं हप्त्यांनी फेडत.
शिवाय खडीतून पाण्याला वर यायला वाट ठेवायची.
कोंडलं की ते कुणाचं ऐकत नाही.

तीन आठवड्यांनी पुन्हा हातोडा.
बाबा कुंपणाशी येऊन उभे, बुटांच्या नाड्या करकचून बांधलेल्या.
झोपताना ते बूट उशाशी ठेवतात, अजून.
नेवझातच्या जोडीनं ओठांतल्या ओठांत मोजतात.
पहिल्या भोकात एकवीस.
दुसऱ्यात चोवीस; नेवझातचा आवाज बसला.
तिसरं मैदानाच्या कोपऱ्यात, जिथं झोपाळे लागणार:
सात.

कुणी काही बोलत नाही.
इंजिनिअरबाई वही मिटतात,
उद्या हा कोपरा पुन्हा, म्हणतात.

आजच करा की, बाबा म्हणतात.
उजेड आहे अजून.