फुंकर आणि भुरका

सीपीआरच्या ओपीडीत, नंबर एकशे चार,
डॉक्टरीणबाईंनी डबी ओठांशी धरायला सांगितली
आणि आण्णांनी फुंकलं.

"आत ओढायचं, आजोबा. आत."
आण्णांनी पुन्हा फुंकलं.
रांगेतलं कुणीतरी हसलं.
मी हसले नाही.

चाळीस वर्षं हुपरीत, पत्र्याच्या माळ्यावर,
गालात वारा साठवून
बंकनळीतून दिव्याच्या ज्योतीवर
सुईसारखी फुंकर सोडणारा माणूस हा.
ज्योत वाकायची, निळी व्हायची,
टाकणखार फसफसून पांढरा फुगायचा,
मग डाक पाण्यासारखा पळायचा
आणि घुंगरू पैंजणाला धरून बसायचं.
मधेच थांबलं तर ज्योत मोडते.
म्हणून आण्णा थांबत नसत.

चांदीचा हिशोब चोख होता.
फरशीची झाडलोट पोत्यात भरून विकायची,
हात धुतलेलं पाणी घंगाळात राखायचं,
गाळातही चांदी असते.
काजळी तेवढी कुणी तोलली नाही.
ती घरातच राहिली.

"विडी ओढता?"
"सुपारीसुद्धा खात न्हाई म्या."
मग एका यंत्रात फुंकायला लावलं,
जोरात, सहा सेकंद.
इथं तरी जिंकतील असं वाटलं मला.
तिसऱ्या सेकंदाला खोकला आला.

डबीत दोन औषधं आहेत, बाई म्हणाल्या,
एक नळ्या उघड्या ठेवायला, एक सूज उतरवायला.
सकाळ-संध्याकाळ. बरं वाटलं तरी.
हे आण्णांना पटलं.
"डाकच की ह्यो. चांदीत पितळ घातल्याबिगर
सांधा कुठं धरतोय?"

महिन्यानं माहेरी गेले,
डबीवरचा आकडा बघितला.
साठाचे एक्केचाळीस.
शून्य व्हायला हवा होता.
"दम लागंल तवाच घेतोय," अभिमानानं म्हणाले,
"निम्म्याच्या वर वाचवलंय बघ."
जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून
हे ते तीन तुकड्यांत म्हणाले.

मी भांडले नाही. एवढंच विचारलं,
रात्री शेगडीवर राख कशाला ओढायचा तुम्ही?
"इस्तू ऱ्हावा म्हणून."
रात्री काम तर नसायचं.
"न्हाई, पर सकाळी..."
आणि ते गप्प झाले.
खाली गिरणीचा पट्टा सुटल्याचा आवाज आला.

ओढायचं मात्र जमेना.
ओठ नळी दिसली की गोल व्हायचे,
गाल फुगायचे, भुकटी ओली होऊन वाया.
शेवटी आई चुलीपासून न उठता म्हणाली,
"अवो, पांढऱ्या रश्श्याचा भुरका मारता न्हवं?
शेजारी ऐकू जातोय त्यो? तसा मारा."

आण्णांनी डबी खाली केली.
आधी सगळा वारा बाजूला सोडला, भिंतीकडं तोंड करून.
मग मारला भुरका.
अख्ख्या गल्लीला कळेल असा.
आत धरा, मी म्हणाले, आणि मोजू लागले,
लहानपणी घुंगरं मोजायचे तसं, चाराचा एक वाटा.
दोन वाटे आणि वर दोन.
मग गुळणी. ती त्यांनी
रस्त्यावर थुंकली नाही,
जुन्या घंगाळातच टाकली.
"सवय," म्हणाले.

बरं होणार नाही, हे बाईंनी सांगितलंय.
पूर्वी बाजारापर्यंत पाच खांबांना टेकायचे,
आता तीनांना.
थंडी पडली की पुन्हा चार.

परवा आकडा शून्यावर आला.
आण्णांनी डबी तळहातावर उलटी आपटली,
कानशीचा कीस झाडावा तशी.
काही पडलं नाही.
जे दिसत नाही, वजनाला लागत नाही,
असलं काहीतरी महिनाभर
न वाचवता वापरलं होतं त्यांनी.

खूप वेळ हाताकडं बघत राहिले.
मग म्हणाले, "दुसरी आण.
आणि इचार त्याला,
मोकळी परत घेत्यात का."