हद्द कायम

वीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या मी.
आधी साखळीने, मग फलकावर, आता तिपाईवरच्या यंत्राने.
एका बांधासाठी बोलणं टाकलेले भाऊ,
पदर खोचून उभ्या त्यांच्या बायका,
आणि मधोमध मी, टोपी घालून, गप्प.
मला वाटायचं, अंतर म्हणजे काय ते आपल्याला कळतं.

जूनमध्ये फॉर्म भरला. एकवीस किलोमीटर.
अर्धी मॅरेथॉन म्हणतात तिला.
हे नाव ज्याने ठेवलं
त्याने ती मोटारीतून पाहिली असणार.

पहिल्या दिवशी समर्थ मंदिरापासून निघाले
आणि विजेच्या तिसऱ्या खांबाशी वाकून उभी राहिले.
दूधवाल्याने गाडी थांबवली.
"काटकर मॅडम, काय हरवलं का?"
म्हटलं, "हो, बघतेय."

बाबर काका फौजेतून सुभेदार होऊन आले
ते उजवा गुडघा तिकडेच ठेवून.
स्कूटर पहिल्या गिअरमध्ये घालून माझ्या मागे येतात,
यवतेश्वरचा घाट सगळा धुराने भरून.
"पळू नका बाई. पळतंय कोण? चोर.
तुम्ही फकस्त थांबू नका."

चौथ्या वळणावर एक दगड आहे, चुना लावलेला.
कुणाच्याच नकाशात तो नाही. मी दप्तर काढून पाहिलं.
पण माझ्या छातीने तिथे हद्द कायम करून टाकली होती:
दगड आला की श्वास संपला.
सात आठवडे. रोज.
मी त्या दगडावर बसायचे, खाली साताऱ्याचे दिवे
एकेक करून विझायचे,
समोर अजिंक्यताऱ्यावरचा मनोरा
ढगात अर्धा बुडालेला,
आणि काका काही न बोलता स्कूटर बंद करायचे.
ते न बोलणं फार लागायचं.

ऑफिसचा जिना मी खेकड्यासारखी उतरते हल्ली.
अंगठ्याचं नख काळं पडलंय.
पुण्याहून लेक फोनवर विचारते, "बूट घेतलेस ना खरे?"
हे रात्री मटकी भिजत घालतात, न सांगता,
आणि आयोडेक्सची बाटली
देव्हाऱ्याजवळ ठेवतात, म्हणजे विसरायला नको.

मग ती धुक्याची पहाट. हातभर पुढचंही दिसेना.
मापायला काहीच नव्हतं, ना खांब ना वळण,
नुसता डांबराचा ओला तुकडा
पायाखाली येणारा आणि जाणारा.
मी काहीतरी मोजत होते, बहुतेक पावलं,
मग तेही सुटलं.
कानाशी एकदम घंटा वाजली.
देऊळ.
मागे वळले तर स्कूटरचा आवाज नाही, काका नाहीत,
आणि दगड कधी गेला
याची माझ्याकडे कसलीच नोंद नाही.

उतरताना सापडले. पेट्रोल संपलेलं.
त्याच दगडावर बसले होते, गुडघा चोळत.
सरकले, जागा केली.
"बसा."
मी उभीच राहिले.
त्यांनी चुन्याने पांढरा झालेला हात झटकला
आणि पहिल्यांदाच हसले, दात नसलेल्या बाजूने.

उद्या पहाटे साडेसहाला.
छातीवर लावायचा कागद आलाय: १२०७.
थेट गट नंबर वाटतो.
सवयीने उलटून पाहिला.
क्षेत्र नाही, आकार नाही, कसला बोजा नाही,
फक्त रक्तगट, आणि
तातडीला कुणाला कळवायचं तो रकाना.
ह्यांचं नाव लिहिलं. जुना नंबर खोडून नवा घातला.
चार पिना, त्यातली एक वाकडी.

"किती वाजेपर्यंत येशील?" हे विचारतात.
मोजणीची नोटीस काढताना
मी तारीख, वार, वेळ, सगळं लिहिते,
लगतच्या धारकाला आधी कळवायचं असतं.
"सांगता येत नाही," म्हटलं.
"भात झाकून ठेवा."