एक राहिली

रंकाळ्यात जहाज उभं केलं होतं,
फळ्यांचं, एकाच बाजूचं.
मागं बांबू, सुतळी
आणि विड्या ओढणारे चार सुतार.
समुद्र कुणीच बघितला नव्हता,
ना डायरेक्टरनं, ना चाच्यांनी.
चाचे सगळे गंगावेशीतले पैलवान,
एका डोळ्यावर काळं फडकं.
मोडलेले कान तेवढे खरे.

आमचं आडनाव शिकलगार.
आम्ही धार लावतो:
तलवारीला, मग विळ्याला, मग न्हाव्याच्या वस्तऱ्याला.
तिथं पहिल्यांदा
धार उतरवायचे पैसे मिळाले,
नगाला दोन आणे.
चाळीस तलवारी बोथट करताना
बाळेखान शिकलगार, माझे आजोबा,
चोरी करत असल्यासारखे
रस्त्याकडं बघायचे म्हणे.

"म्हशी काढा रं!
समुद्रात म्हस असती व्हय?"
कॅमेरा थांबायचा.
म्हशी आपल्या वेळेला बाहेर यायच्या.
तोवर चाचे काठावर
दाढ्या काढून भाकरी खायचे.

रक्त म्हणजे काकवी,
गुऱ्हाळातून घागरीनं आणलेली.
आणि एक तलवार राहिली.
"एक राहिली," एवढंच म्हणायचे आजोबा.
चुकून की मुद्दाम,
मी विचारलं नाही.
नायकाचा दंड फाटला.
मुंग्यांना बरोबर कळलं, काकवी कुठली ते.
पडद्यावर दोन्ही काळंच.

सिनेमा पुन्हा लागला तेव्हा मी नऊ वर्षांचा.
पुढं, जमिनीवर बसलो.
नायक दोराला लोंबकळत
या जहाजावरून त्या जहाजावर
(जहाज तेच), शिट्ट्या, टोप्या हवेत.
आजोबा माझ्या कानाशी मोजत होते,
सव्वीस... सत्तावीस...
मग माझं मनगट घट्ट धरलं.
"ही."
मला काहीच वेगळं दिसलं नाही.
त्यांचा हात मात्र घामानं ओला झाला होता.

पुढं कंपनी बुडाली,
रिळं किलोवर गेली.
हुपरीच्या कुणीतरी नेली म्हणतात,
फिल्म धुतली की चांदी निघते.
म्हणजे तो समुद्र, म्हशींसकट,
आता कुणाच्या तरी पायात आहे.

परवा दुकानात एक बाई कात्री घेऊन आली.
पैंजण जुने, वजनदार.
बघतोय म्हटल्यावर तिनं पाय मागं घेतला.
अंगठ्यानं धार तपासली, मान हलवली.
बाई, त्यात एक तलवार आहे,
अजून न उतरवलेली,
असं म्हणणार होतो.
"किती झाले?"
"तीस."