सदतीस टक्के

बाहेर पथारीवर मिरची, नजर जाईल तिथवर लाल,
आत, पत्र्याच्या खोलीत, निळा पडदा.
हिंमतशेठच्या वजनकाट्याचं यंत्र
परवा चालता चालता खाली बसलं,
ते उठवायला मी नंदुरबारच्या या टोकाला आलोय.

पिशवीत तीन चकत्या.
एकीवर माझ्याच अक्षरात : 'ही चालते'.
कधी लिहिलं, आठवत नाही.
तेव्हा चालत असावी.

आधी तर यंत्र चकतीकडे बघेच ना,
जुन्या सवयीने हार्ड डिस्ककडे जायचं,
रिकाम्या घराची कडी वाजवत राहायचं.
आत शिरून क्रम बदलला : पहिली चकती, मग बाकीचे.
'कोणतंही बटण दाबा' अशी ओळ आली,
आणि मी दाबायच्या आत निघून गेली.
दुसऱ्या वेळी बोट टेकवूनच बसलो.

सोळा टक्के. बावीस.
दौलतबापू मुनीम मागे उभे, वही काखेत.
"भो, गाडी भरेल उभी शे. आज व्हई का?"
व्हई, बापू.
सदतीस.
सदतीस.
ही फाइल वाचता येत नाही.
पुन्हा प्रयत्न करा, वगळा, किंवा बाहेर पडा.

वगळा मी दाबत नाही.
बोरदच्या पतपेढीत दाबलं होतं एकदा,
यंत्र मजेत सुरू झालं
आणि आठवड्याने छापताना ळ गाळू लागलं.
अख्ख्या यादीतले वळवी ववी झाले.
माणसं पासबुक घेऊन माझ्या दुकानाच्या पायरीवर.

चकती उजेडाला धरली.
ओरखडा नाही, ठसा नाही,
नुसता माझा चेहरा, मधल्या भोकासकट.
मग खण उघडून आतल्या भिंगावर फुंकर मारली
आणि भिंगाने ती परत केली :
मिरचीची पूड, अख्ख्या हंगामाची.
सात शिंका. बापूंनी मोजल्या,
क्विंटल मोजतात तशाच, ओठ हलवत.

कापूस, स्पिरिट, दुसरी चकती.
सदतीस ओलांडलं! बावन्नवर अडलं.
पुन्हा लावलं, एकोणिसावर.
"आते कथा अडकनं?"
मी बोललो नाही. तिसरा चहा निवत होता.
एकाच जागी अडलं तर चकती खोटी.
दर वेळी नव्या जागी अडतंय,
दर वेळी वेगळ्याच फाइलवर आळ,
तर चकती खरं सांगतेय,
ऐकणाराच विसरतोय.

झाकण उघडून रॅमच्या दोन्ही पट्ट्या उपसल्या.
दातांवरचं सोनं काळवंडलेलं.
"खोडरबर आहे का कोणाकडे?"
शेठच्या पेढीत नव्हतं. तिथं खोडत नाहीत, रेघ मारतात.
देठ खुडणाऱ्या सेवंतीबाईंच्या पोरीकडे होतं,
उर्मी, चौथीतली, ढिगाच्या सावलीला दप्तर घेऊन.
गुलाबी, वासाचं, एक कोपरा चावलेला.
देताना तिनं हात आखडता घेतला :
"काय पुसणार?"
काहीच नाही गं. पुसलं जाऊ नये म्हणून घासायचंय.
तिला हे पटलं नाही. ती शेजारी उभीच राहिली.

एक पट्टी घासून लावली, दुसरी खिशात टाकली.
सोळा. बावीस.
सदतीस आलं तेव्हा बापूंनी वहीचं पान धरून ठेवलं,
उलटलं नाही.
अडतीस.
कोणी काही बोललं नाही.
बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न दिला, तो त्याच्या कामाचा.

शेवटी यंत्राने तारीख विचारली.
त्याच्या लेखी एक जानेवारी दोन हजार दोन,
ही पोर तेव्हा जन्मलीही नव्हती.
तिनंच आजची सांगितली, वारासकट,
शाळेच्या फळ्यावर रोज तीच लिहिते म्हणून.

खोडरबर परत दिलं. एक बाजू काळीठिक्कर.
तिनं ते पोत्यावर घासून पाहिलं,
मग हिशेबी नजरेने माझ्याकडे.
नवीन घेऊन देतो म्हणालो.
"वासाचं," ती म्हणाली.

घरी येऊन हात धुतले, साबणाने, दोनदा.
मग बाद पट्टी खिशातून काढून टेबलावर ठेवली
आणि त्याच हाताने
डोळा चोळला.