पिवळा धातू

वॉर्डच्या रजिस्टरमध्ये 'सोनं' लिहायचं नसतं.
पहिल्याच आठवड्यात मेट्रनबाईंनी बजावलं होतं :
आपण सराफ नाही. लिही, पिवळा धातू.
पायातलं असेल तर पांढरा धातू.
नग किती, कोणी काढलं, कोणाच्या हाती दिलं. सही.

एकवीस वर्षं झाली मेयोत,
ऑपरेशनला जाणाऱ्या बायकांच्या अंगावरचं उतरवतेय.
बोट सुजलेलं असलं की साबणाचं पाणी.
तरीही नाहीच निघाली अंगठी
तर टाक्याचा दोरा बोटाला गच्च गुंडाळायचा
आणि एकेक वेढा उलगडत तिला पुढे आणायचं.

गोळीबार चौकातली दुर्पताबाई निखारे
डोरलं मुठीत धरून म्हणाली,
हे नोको काहाडू व माय,
याच्याबिगर मले झोप नाही येत.
म्हटलं, झोप आम्ही देतो.
डोरलं निघालं. गळ्याभोवती
उन्हानं न पाहिलेली एक रेघ उरली.
रजिस्टरात : पिवळा धातू, काळे मणी, एक नग.
रेघेला रकाना नव्हता.

यंदा मे महिन्यात थकबाकी जमा झाली.
ओढणीनं तोंड बांधून इतवारीत गेले,
सराफा ओळीत, खरवड्यांकडे.
वजन करायच्या आधी काकांनी कूलर बंद केला.
वाऱ्यानं काटा खोटं बोलतो, म्हणाले.
नऊ ग्रॅम एकशे वीस मिलीवर आकडा थांबेपर्यंत
आम्ही चार गिऱ्हाइकं घामात गप्प,
नाडी मोजताना नातेवाईक बसतात तशी.
"एकच बांगडी? जोडी घेतात, सिस्टर."
एकच.
घडणावळीवरून मी पाऊण तास भांडले.
मग त्यांनी भिंग दिलं. आतल्या अंगाला
मुंगीएवढा शिक्का, शुद्धतेचा आकडा
आणि सहा अक्षरांचा एक नंबर.
आमच्याकडे पेशंटच्या मनगटाला असतो तसा,
अदलाबदल होऊ नये म्हणून.

नंतर पथ्यं सांगितली, मी सांगते तशीच,
तोंडाकडे न बघता, भरभर :
अत्तर आधी, सोनं नंतर.
चांदीच्या डबीत एकत्र ठेवू नका.
रिठ्याचं कोमट पाणी, जुना मऊ ब्रश, पावडर लावू नका.
आणि पाऱ्याला शिवू द्यायचं नाही. सोनं पांढरं पडतं.

हे मला ठाऊक होतं.
नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात थर्मामीटर फुटला,
पारा मी कागदानं गोळा केला
आणि आईची अंगठी बोटातल्या बोटात पांढरी पडली.
तेव्हापासून ती कपाटात आहे, साडीच्या घडीत.
आईला म्हटलं, हरवली.
ती गेली तेव्हाही हरवलेलीच होती.

विचारलं, काका, ती परत पिवळी होते का?
"होते की. आगीत धरावी लागते."
थोडं थांबून, "कोणाची आहे?"
एका पेशंटची, म्हटलं.

घरी येताना गांधीबाग ओलांडेपर्यंत तोच हिशेब :
रजिस्टरात लिहायची असती, तर
कोणत्या रंगाखाली लिहिली असती?

ड्यूटीवर कोपराच्या खाली काही चालत नाही.
बांगडी सुट्टीच्या दिवशी घालते.
रात्री रिठे भिजत टाकते, सकाळी धुते,
कापसावर पालथी ठेवते.
एकटी आहे, वाजत नाही.
एकदाच वाजली, दुधाच्या पातेल्याला लागून,
आणि मी दचकून दार बघितलं.

अंगठी अजून नेलेली नाही.

कधीतरी माझाही नंबर लागेल.
कोणी नवी पोर वाटीत साबण घेऊन येईल,
लिहील : पिवळा धातू, एक नग.
बरोबरच लिहील, मीच शिकवलंय.
तिला फक्त सांगा, ओढू नको.
अंगठा आत दुमडून घे माझा,
मग ती आपोआप निघते.