मीटर बसवणारा, ग्रिम्सबी

पहिल्या घरी ऑल्डरिज म्हणाले,
हे यंत्र सरकारला सांगतं
मी आंघोळ किती वाजता करतो.
सरकारला एवढी सवड असती, मी म्हटलं,
तर तुमच्या गल्लीतले खड्डे बुजले असते.
हसले नाहीत. चहा मात्र दिला.

दुसऱ्या घरी कुत्रा. त्याचंही मत विरोधातच.

तिसऱ्या घरी विनिफ्रेडबाई.
जिन्याखालच्या कपाटात गमबूट, रंगाचे डबे,
आणि जुन्या मीटरची चकती
रिकाम्या जात्यासारखी फिरत होती.
"याला कळतं का, घरात माणसं किती?"
नाही, फक्त युनिटं.
"मग मार्चपासून निम्मी झाली,
त्याचं ते काय समजतील?"

माझ्याकडे सोळा पानी माहितीपत्रक आहे,
प्रश्नोत्तरांसकट.
काटकसर, मी म्हणालो. काटकसर समजतील.

"रॉनला पटलं असतं," ती म्हणाली.
"जन्मभर माझ्यामागे दिवे मालवत फिरला."

मी मेन स्विच पाडला.
फ्रिज गप्प झाला तेव्हा कळलं
तो इतका वेळ बोलत होता.

वीज आल्यावर
ओव्हनवरचं घड्याळ चार शून्यांवर
लुकलुकत राहिलं.
ते लावणं माझ्या कामात येत नाही.
लावून दिलं.